एकदाच दाबायचं बटण

३ फेब्रुवारी

बारक्या,

टाइप केलेलं पत्र बघून दचकू नकोस. मी वकील झालेलो नाही आणि मेलेलोही नाही. पेन धरायचा कंटाळा आलाय, एवढंच. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, दुसऱ्यांची नावं लिहून लिहून हात विटला. आता वेलांट्या आपोआप वळतात, मी नुसता बसून बघतो.

कामाचं बोलतो. गॅरेजचं ओढायचं शटर काढून टाकलं आणि मोटरवर वर-खाली होणारं दार बसवलं. काडेपेटीएवढा रिमोट मिळाला आहे. बटण दाबलं की दार वर जातं. पण आमचा चढ तुला माहीत आहे. रस्त्यावरून वळलं की थेट गॅरेजच्या तोंडापर्यंत दहा-बारा पावलांचा खडा चढ. त्या चढावर मोटरसायकल थांबवा, पाय टेका, ब्रेक धरा, हातमोजा काढा, खिसे चाचपा, रिमोट काढा. दार उघडेपर्यंत माणसाच्या मिश्या पिकतात. मला असं हवंय की कोपऱ्यावर असतानाच हँडलवरचं एखादं बटण दाबावं आणि मी चढ चढून येईतो दार सताड उघडं असावं. न थांबता थेट आत. रिमोट खिशात बाळगायचाच नाही. गाडीच्या पोटातच बसवून टाकायचा.

होईल का? आणि फोनवर सांगू नकोस. मागे तू फोनवर हॉर्नची वायर सांगितलीस आणि पुढे महिनाभर मी ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. गल्लीतली कुत्रीसुद्धा मला रस्ता द्यायला लागली होती. तू बस डेपोचा वायरमन असशील, पण तुझी विद्या कागदावरच बरी. आकृती काढ, रंग लिही, टपालाने पाठव.

तुझी ताई बरी आहे. शिवणयंत्र चालू असतं आणि तोंडही चालू असतं.

तुझा भाऊजी


९ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहीत बसत नाही. हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय. उत्तर पाठवशील ते माझ्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

ह्यांनी तुला दाराचं विचारलंय ना, त्यावर तू लिही की होत नाही. गाडी जुनी आहे म्हणावं, बॅटरी पुरायची नाही म्हणावं, लोखंडातून लहरी जात नाहीत म्हणावं. तुला काय सुचेल ते लिही, ते विश्वास ठेवतील. विजेच्या बाबतीत तू बोललास की ह्यांना ती काळ्या दगडावरची रेघ. माझं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

कारण विचारू नकोस. सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं. चौसष्ट वय झालं, आता माणसाने पायी जावं, भाजी आणावी, पेपर वाचावा. मोटरसायकल हवीच कशाला? आणि ती चालवणं सोपं करून द्यायचं तर अजिबात नको.

फोन करणार होते, पण फोनवर माझ्याने राहवणार नाही म्हणून लिहितेय. तू शाळा बुडवून गॅरेजांत बसायचास तेव्हा आईशी तुझ्यासाठी किती वेळा खोटं बोललेय मी. आज तू माझ्यासाठी एकदा बोल.

ताई


१७ फेब्रुवारी

भाऊजी,

होतं. न व्हायला काय झालं? सोबत आकृती आहे. आधी हे वाचा, मग पक्कड हातात घ्या.

तुमच्या डाव्या मुठीपाशी एक बटण आहे, समोरच्याला दिवा चमकवून इशारा द्यायचं. दहा वर्षांत तुम्ही ते चार वेळा दाबलं नसेल. तेच वापरायचं. रिमोटचं कवच उघडा, आतली हिरवी पट्टी काढा. तिच्यावर जे बारकं बटण आहे त्याच्या दोन पायांना दोन वायरी सोल्डर करा. त्या दोन वायरी मी पाठवतोय त्या रिलेला जोडायच्या. रिले म्हणजे मधला निरोप्या. तुम्ही दिव्याचं बटण दाबलं की तो रिमोटला सांगणार, दाब. वीज किल्लीच्या स्विचमधून घ्या, थेट बॅटरीवरून नको, नाहीतर गाडी बाहेर उभी असताना कुणीही येऊन तुमचं दार उघडेल. पट्टी हेडलाइटच्या मागे प्लास्टिकच्या झाकणात ठेवा. टाकीखाली ठेवलीत तर लोखंड लहरी अडवतं. पाणी जाऊ नये म्हणून रबरात गुंडाळा.

आता एक महत्त्वाचं. तुमच्या दाराला एकच बटण आहे. एकदा दाबलं की वर जाईल. जाता जाता पुन्हा दाबलं की तिथेच थांबेल. तिसऱ्यांदा दाबलं की खाली येईल. म्हणून एकदाच दाबायचं आणि बोट काढायचं. डेपोत बसच्या दारांना आम्ही एक जास्तीचा भाग लावतो, बटण एकदा दाबलं की तो पुढचे दहा सेकंद काही ऐकूनच घेत नाही. आमचे ड्रायव्हर बटणावर तबला वाजवतात, त्यांना तो लागतो. तुम्हाला त्याची गरज नाही. एका श्वासात पाटीची कड ओढणारा हात आहे तो. लहानपणी मी तुमच्या शिडीखाली तासन्‌तास उभा राहून तोच बघायचो.

टाइप केलेलं पत्र मात्र आवडलं नाही. तुमचं अक्षर बघायला मिळायचं, तेवढंही गेलं.

बारक्या


१७ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. भाऊजींना मी आजच आकृती पाठवली आहे, तेव्हा आधीच कान धरतो.

तू विजेला भितेस हे मला माहीत आहे. पंखा लावायचा तरी तू लाकडी फळीवर उभी राहायचीस. पण ही बारा व्होल्टची गोष्ट आहे, मुंगी चावल्याएवढंही लागत नाही. आणि वय वय काय करतेस? आमच्या डेपोत सत्तरीचा माणूस बस मागे घेतो. उलट या बटणामुळे त्यांना चढावर थांबावंच लागणार नाही. सोयीचंच आहे.

खोटं बोललो असतो गं, पण विजेबद्दल भाऊजींशी खोटं बोलायला माझी जीभ रेटत नाही. मला हातात पक्कड दिली ती त्यांनीच. तू रागावशील, रागाव. पुढच्या वेळी आलो की बोल हवं तेवढं.

बारक्या


२ मार्च

(हे टाकायचं नाही. लिहून मोकळं व्हायचं आणि शिवणाच्या खोक्यात तळाशी ठेवायचं.)

बारक्या,

ह्यांना कंपवात आहे. दोन वर्षं झाली.

उजव्या अंगठ्यापासून सुरू झालं. औषधांच्या एका दुकानाची पाटी रंगवत होते. खालची कड वाकडी गेली. पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा वाकडी. तीनदा झालं, मग शिडीवरून उतरले आणि दुकानदाराला म्हणाले, रंग खराब आलाय. घरी येऊन सगळे ब्रश रॉकेलमध्ये धुतले, फडक्यात बांधले आणि माळ्यावर टाकले. त्या दिवसापासून पेन हातात धरलेलं नाही, म्हणून तर दोन वर्षं तुला पत्र नव्हतं, नुसता फोन. तुला आलेलं पत्र ते बोलले आणि मी टाइप केलं. अंगठा कळफलकावरही थरथरतो, एका अक्षराची चार होतात. विनोद त्यांचे आहेत, बोटं माझी.

आता डाव्या हातातही आलंय आणि डावा पाय वेळेवर उचलत नाही. चढावर गाडी थांबवली की पाय टेकायला उशीर होतो. दोनदा पडले. दुसऱ्या वेळी गाडी अंगावर होती आणि मी घरात यंत्रावर, मला आवाजच आला नाही. कितीतरी वेळ तसेच पडून राहिले, हाकही मारली नाही. म्हणून हे बटण हवंय. हातमोज्याचं वगैरे तुला सांगायला.

डॉक्टरने गाडी बंद सांगितली आहे. ह्यांनी माझ्याकडून शपथ घेतली, कुणाला बोलायचं नाही, तुला तर मुळीच नाही. तुझ्या डोळ्यांत ते अजून शिडीवर उभे आहेत म्हणे. तिथून खाली उतरायचं नाही त्यांना.

तू विचारशील, मी ऐकलं कशाला. तर ऐक. जेवताना हात हलतो, झोपेपर्यंत हलतो, माझ्या हातात दिला तरी हलतो. पण हँडल घट्ट धरलं की थांबतो. मी स्वतः पाहिलंय. मुठी आवळून बसले की दोन्ही हात गप्प. दिवसाकाठी एक चक्कर मारून येतात, आल्यावर दोन घास नीट जेवतात, मला चिडवतात. ज्या दिवशी जात नाहीत त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. मी काय करू? किल्ली लपवून बघितली. चार दिवस एक शब्द बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मीच काढून दिली.

तुझ्या आकृतीवरून सोल्डर मी केलं. ह्यांनी शेजारी बसून सांगितलं, मी धुरात डोळे चोळत केलं. बायकांच्या पोलक्यांना हूक लावणारी मी, दोन वायरी जोडल्या. फार सुबक झालंय म्हणाले.

तू त्या जास्तीच्या भागाचं लिहिलंस, ड्रायव्हरांना लागतो आणि तुम्हाला गरज नाही, ते वाक्य ह्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना हसत होते. मी म्हटलं, तो भाग मागवू या ना. म्हणाले, मागवला तर का हवा ते सांगावं लागेल.

मी मागवलं नाही.


११ मार्च

बारक्या,

फत्ते. सोल्डर असं झालंय की तू बघशील तर नोकरी सोडशील. पट्टी हेडलाइटमागे, वायरी टाकीच्या कडेने नेल्या, बाहेरून काही दिसत नाही. काल पहिल्यांदा कोपऱ्यावरून दाबलं आणि वळून वर बघतो तर दार उघडून माझी वाट बघतंय. लग्नात सासरच्यांनी एवढं स्वागत केलं नव्हतं. न थांबता सरळ आत.

एक बारीक कुरबुर आहे. कधीकधी दार अर्ध्यावर थांबतं. मग पुन्हा दाबावं लागतं. मी रस्त्यावरच एक फेरी मारून परत येतो, तोवर ठीक होतं. दार नवीन आहे, लाजत असेल. तुला काही सुचलं तर कळव, नाहीतर राहू दे.

तुझी ताई म्हणते कोबी महाग झालाय. ती हेच टाइप कर म्हणते.

भाऊजी


१८ मार्च

भाऊजी,

अर्ध्यावर थांबतं म्हणजे रिमोटला दोनदा निरोप जातोय. तुम्ही एकदाच दाबत असणार, त्यात मला शंका नाही, म्हणजे दोष बटणात. ते बटण वर्षानुवर्षं कुणी वापरलेलं नाही, आत गंज धरला असेल. गंजलेलं बटण एकदा दाबलं तरी आत दोन-तीनदा टेकतं आणि सुटतं. मूठ उघडा, बटणाच्या आतल्या पितळी पट्ट्या बारीक पॉलिशपेपरने घासा, रॉकेलच्या फडक्याने पुसा. हेडलाइटच्या मागची जोडणी हलत नाही ना तेही बघा, चढावर गाडी हादरते.

हे केल्यावरही तसंच झालं तर लिहा. दोष सापडेपर्यंत मला चैन पडणार नाही. वायर खोटं बोलत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.

बारक्या


२६ मार्च

बारक्या,

घासलं. गंज होताच. आता एकदम फर्स्ट क्लास चालतंय, एका दाबात वर. तुझं निदान म्हणजे निदान. काळजी नसावी.

भाऊजी


२ एप्रिल

भाऊजी,

वाचून जीव भांड्यात पडला. माझ्या डोक्यात ते अर्ध्यावरचं दार आठवडाभर अडकून बसलं होतं. डेपोत सगळ्यांना तुमच्या गाडीचं सांगितलं. फोरमनने स्वतःच्या मोटरसायकलला तसंच करून मागितलंय. म्हटलं, आमच्या भाऊजींची आयडिया आहे, परवानगी घ्यावी लागेल.

सुट्टी मिळाली की येतो. मला त्या चढावरून तुमच्या मागे बसून आत यायचंय. ताईचा राग गेला का?

बारक्या


२९ एप्रिल

ताई,

चार आठवडे झाले, तुमच्या दोघांचंही पत्र नाही. फोन लावतो तर बंद लागतो. तू अजून त्या आकृतीवरून फुगून बसली आहेस हे समजतं, पण भाऊजींनी तरी दोन ओळी लिहाव्यात. का त्यांनाही तू गप्प बसवलंस? तुझ्यात ती धमक आहे.

इथे बसची वार्षिक तपासणी चालू आहे, मेअखेरपर्यंत कुणालाच सुट्टी नाही, नाहीतर एव्हाना दारात येऊन उभा राहिलो असतो. रागाचं असेल तर राग लिही. शिव्या लिही. कोरा कागद पाठवलास तरी चालेल, निदान पाकिटावर तुझं अक्षर दिसेल.

बारक्या


८ मे

बारक्या,

राग नाही रे. राग धरायला घरात कुणी नव्हतं. आम्ही आठ एप्रिलपासून हॉस्पिटलात आहोत.

सगळं सरळ लिहिते, कारण फिरवून लिहायची ताकद उरलेली नाही. ह्यांना दोन वर्षांपासून कंपवात आहे. तुझ्यापासून लपवलं, ह्यांनीही आणि मीही. बटणात गंज नव्हता. बटण लख्ख होतं. अंगठा हलायचा आणि एकाऐवजी दोनदा, तीनदा दाबलं जायचं.

त्या दिवशी दुपारी मी पुढच्या खोलीत परकराला नाडी ओवत होते. गॅरेजच्या दाराची मोटर घरघरली. म्हटलं आले. मग थांबली. मग पुन्हा घरघरली, पण आवाज वेगळा. तो आवाज मला आता पाठ आहे, वर जातानाचा वेगळा आणि खाली येतानाचा वेगळा. मी नाडी टाकून धावले. दार छातीच्या उंचीवर येऊन थांबलं होतं आणि ह्यांची गाडी चढाला लागलेली. इतर वेळी रस्त्यावरच थांबायचे, एक फेरी मारायचे. त्या दिवशी वळून गेल्यावर त्यांना दिसलं. चढावर थांबले तर पडणार, हे त्यांना माहीत. पाय टेकत नाही. मला वाटतं त्यांनी विचार केला की वाकून जाऊ. वाकले पण होते. पाठ कुठे लवते आता त्यांची पहिल्यासारखी.

दाराची खालची कड हेल्मेटवर बसली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. मान वाचली नाही. मानेतला मणका मोडला. जिवंत आहेत. बोलतात, हळू आवाजात. खांद्यांच्या खाली काहीही हलत नाही आणि हलणार नाही, डॉक्टरने तसं तोंडावर सांगितलं.

फोन मीच बंद ठेवला. तू भाऊजींना फोन दे म्हणाला असतास.

ताई


१४ मे

ताई,

तुझं पत्र डेपोत मिळालं. बसच्या खाली खड्ड्यात उभा राहून वाचलं आणि तिथेच बसलो. फोरमनने वर ओढून काढलं.

मला सांगितलं का नाही? दोन वर्षं. एक शब्द लिहिला असतास, फक्त 'हात हलतो' एवढा. मी तो जास्तीचा भाग लावला असता. माझ्या कपाटात त्याची अख्खी पेटी पडली आहे, गं. काड्यापेटीएवढा असतो. मी रोज बसच्या दारांना तोच बसवतो. कालही सहा बसवले.

तुला दोष देतोय, मला दिसतंय ते. पण तू मला लिहिलं होतंस, होत नाही म्हण, कारण विचारू नकोस. आणि मी खरंच विचारलं नाही. तुझी थट्टा केली. त्यांनी लिहिलं, दार अर्ध्यावर थांबतं. पंचवीस वर्षं मी हे काम करतोय. कुणी ड्रायव्हर असं म्हणाला की मी आधी त्याचा हात बघतो आणि मग बटण. भाऊजींच्या बाबतीत हाताचा विचार मनाला शिवलासुद्धा नाही. मी पितळ घासायला सांगितलं. त्यांनी घासलंही असेल, त्या हातांनी.

टाइप केलेली पत्रं आली, तेव्हाही मी अक्षर दिसत नाही म्हणून रुसलो. का दिसत नाही, ते विचारलं नाही.

यायला हवं, मला कळतं. सुट्टी मिळेल, फोरमनने स्वतः सांगितलं. पण त्यांच्यासमोर उभं राहायला तोंड नाही माझ्याकडे. त्यांनी काही म्हटलं का माझ्याबद्दल? जे म्हटलं असेल ते कळव, गाळू नकोस.

बारक्या


२३ मे

बारक्या,

ह्यांनी सांगितलं तसं आधी उतरवते. पेनाने लिहितेय, टाइप करून लपवायचं आता काही उरलं नाही.

"बारक्या, जोडणी बरोबर होती. दाराचीही काही चूक नाही, मी जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा त्याने ऐकलं. तू लिहिलं होतंस गंज असेल, तेव्हा मी तुझ्या ताईला म्हटलं, बघ, अजून याला माझ्या हातावर भरवसा आहे. मला ते खोडायचं नव्हतं. त्या एका ओळीपायी मी तुला फर्स्ट क्लास चालतंय म्हणून कळवलं. तू हे काम सोडू नकोस. आणि फोरमनच्या गाडीला तो जास्तीचा भाग लाव, त्याचा हात कितीही चांगला असला तरी लाव."

इथे थांबले. मग म्हणाले, बस, पाकीट बंद कर.

आता माझं. तू विचारलंस सांगितलं का नाही. सांगायला बसले होते. चार पानी पत्र लिहिलं आणि टाकलं नाही. एकदा ह्यांच्या शपथेमुळे, आणि एकदा माझ्या स्वतःमुळे. चक्कर मारून आले की माझ्याशी पहिल्यासारखे बोलायचे, आणि तेवढं मला हवं होतं. त्यांची हौस आणि माझा लोभ, अशी ती गाडी चालली होती. त्या वायरी माझ्या हातच्या आहेत. तुला दोष द्यावा असं रोज वाटतं, रोज तुझी आकृती डोळ्यांपुढे येते, आणि मग सोल्डरची कांडी धरलेला हात दिसतो तो माझा. तुला माफ केलंय असं लिहिणार नाही, कारण अजून केलेलं नाही. स्वतःलाही केलेलं नाही. पुढेमागे होईल की नाही ते माहीत नाही, आणि आत्ता त्याची वाट बघायला सवड नाही.

परवा आम्ही घरी आलो. पुढच्या खोलीतलं शिवणयंत्र हलवलं आणि तिथे खाट लावली. मी शेजारी बसते, त्यांचा उजवा हात मांडीवर घेते. हात आता अजिबात हलत नाही, बारक्या. अंगठा, बोटं, सगळं गप्प. दोन वर्षं मी देवाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. परवा ते त्या हाताकडे बघत होते आणि मला म्हणाले, बघ, सरळ कड ओढता येईल आता. मी हसले. हसायला हवं होतं त्यांना. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

तोंड नाही म्हणतोस. तोंड नसलं तर नसू दे, हात घेऊन ये. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी ह्यांना कुशीवर वळवावं लागतं. माझ्या एकटीने ते वळत नाहीत.

ताई